हा पाय की तो पाय

कर्जतमध्ये बैल लंगडला तर चार माणसं हातातलं काम टाकून येतात. शेळी लंगडली तर निदान शेजारीण भिंतीवरून डोकावून विचारते. कुत्रं लंगडलं तर लोक हसतात. आणि ते कुत्रं पांढरंशुभ्र, झुबकेदार शेपटीचं, सोफ्यावर झोपणारं असेल तर चहा मागवून हसतात.

कर्जत म्हणजे नगर जिल्ह्यातलं, हे आधीच सांगून टाकतो. जिल्ह्याचं सरकारी नाव आता अहिल्यानगर झालं, पण मुंबईकरांना कर्जत म्हटलं की अजून लोकल आणि वडापावच आठवतो. आमच्या गावाला लोकल सोडा, रेल्वेच नाही. आहे ती ज्वारी, रेहेकुरीची काळविटं, दर दोन-चार वर्षांनी न चुकता येणारा दुष्काळ, आणि जनावरांच्या पायांविषयी प्रत्येक घरात वडिलोपार्जित चालत आलेलं ज्ञान. हे ज्ञान मोठं आहे. फक्त ते बैलाच्या मापानं बेतलेलं आहे.

तर आमचा सिंबा. पुतण्यानं तो पुण्यात २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घेतला. ऑफिसं उघडली तेव्हा ‘थोडे दिवस गावी राहू दे’ म्हणून आमच्याकडे आणून सोडला. ते थोडे दिवस अजून चालू आहेत. विकणाऱ्यानं तो पामेरियन म्हणून विकला, आमची गल्ली त्याला पामोलियन म्हणते, आणि डॉक्टरांच्या मते तो इंडियन स्पिट्झ आहे, म्हणजे १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मध्ये भलत्याच माणसाच्या हातात चिठ्ठी नेऊन देऊन सगळ्यांचं भलं करणाऱ्या टफीचा भाऊबंद. आई त्याला शिंब्या म्हणते. तोही त्याच नावाला ओ देतो, कारण त्या हाकेच्या मागोमाग भाकरी येते.

प्रकार असा व्हायचा. दारात कुणी आलं की सिंबा आतल्या खोलीतून धावत सुटायचा. चार पावलं व्यवस्थित. पाचव्याला मागचा एक पाय पोटाशी आखडून घ्यायचा आणि उरलेल्या तिनांवर दोन-तीन टप्पे लंगडी घालायचा. मग तो आखडलेला पाय मागे एकदा ताणून झटकायचा, आणि पुन्हा चारही पायांवर, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं, आलेल्या माणसावर भुंकायला लागायचा. ना केकाटणं, ना पाय चाटणं, ना जेवण सोडणं. (जेवण सोडणं हा प्रकार त्याला मुळात ठाऊकच नाही.) सगळं दोन श्वासांत संपायचं. ‘अहो, बघा बघा’ म्हणेपर्यंत बघण्यासारखं काही उरायचं नाही. एखाद्या दिवशी चारदा व्हायचं, मग आठवडा आठवडा काही नाही. रोज लंगडला असता तर दवाखान्यात नेता आलं असतं, आणि अजिबात लंगडला नसता तर आम्हाला सुखानं झोपता आलं असतं. त्यानं दोन्ही होऊ दिलं नाही.

घरात पहिला वाद आजार कोणता यावर झालाच नाही. तो झाला पाय कोणता यावर. आईचं म्हणणं डावा. माझे वडील, अण्णा, यांचं म्हणणं उजवा. अण्णा निवृत्त तलाठी आहेत. ज्या गोष्टीची नोंद नाही ती घडलेलीच नाही, अशी त्यांची नोकरीभर समजूत होती आणि निवृत्तीनंतर ती आणखी पक्की झाली आहे. त्यांनी जुन्या डायरीत रकाने आखले: दिनांक, वेळ, फरशी की माती, पाय, साक्षीदार, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘बिस्किटाकरिता सोंग असण्याची शक्यता’ असली वाक्यं यायला लागली. पाय या रकान्यात अण्णांनी ‘उ’ लिहिलं की आई चष्मा लावून त्याखाली ‘हरकत. डा’ असं लिहायची. तलाठ्याच्या बायकोला फेरफाराला हरकत कशी घ्यायची हे चांगलं ठाऊक असतं.

मध्यंतरी बायकोनं शंका काढली की आई उंबऱ्याशी बसतात, त्यांना कुत्रा समोरून येताना दिसतो; अण्णा आतल्या खुर्चीत असतात, त्यांना पाठमोरा दिसतो. तेव्हा हा डावा म्हणजे त्याचा डावा की बघणाऱ्याचा? या प्रश्नावर दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं की तो विषय पुन्हा निघाला नाही. पण दोघं गुपचूप जागा बदलून बसले, आणि तरीही मतं बदलली नाहीत.

आमच्याकडे जनावरानं पाय उचलला की पहिला संशय काट्यावर जातो, आणि तो रास्तच आहे. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून वर येतो. वेडी बाभूळ तर आता बांधापासून स्मशानापर्यंत सगळीकडे आहे. सराटे आहेत. गवताची कुसळं त्याहून वाईट. ती कातडीतून आत शिरतात आणि टोक पुढे असल्यामुळे आतच सरकत राहतात. बायकोनं सिंबाला मांडीवर उताणा घेतला, मी मोबाइलचा उजेड धरला, आणि बोटांच्या बेचक्यांतले केस कापून एकेक गादी तपासली. निघालं ते असं: एक वाळलेलं भाताचं शीत, चिकटलेला डिंकाच्या लाडवाचा कण आणि दोन गोचीड. काटा नाही. विचार केला तर काटा नसणारच होता. काटा रुतलेलं कुत्रं पाय सारखा चाटतं, टेकवताना बिचकतं. रुतलेला काटा दोन टप्प्यांनंतर आपोआप निघून जाऊन पुढच्या आठवड्यात पाहुणे आले की परत येऊन रुतत नाही.

बातमी गल्लीत गेली. मग निदानांना तोटा राहिला नाही. नजर लागली, हे सर्वांत स्वस्त निदान. त्यावर मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. आषाढातल्या गोदड महाराजांच्या यात्रेत कुणाचा तरी पाय पडला असेल, असं एकानं ठामपणे सांगितलं. त्या दिवशी सिंबा ढोलाच्या आवाजानं पलंगाखाली होता आणि रथ पुढे जाईपर्यंत बाहेर आला नव्हता, हे सांगूनही त्यांचं मत ‘मग पलंगाच्या पायाचं लागलं असंल’ एवढंच सरकलं. एकीनं सांगितलं की उसण भरलीय, पायाळू माणसाचा पाय लावा. आईच्या ओळखीत एक पायाळू गृहस्थ आहेतच. पंचक्रोशीतल्या कमरा त्यांच्या पायाखालून गेल्या आहेत. ते आले, चहा घेतला, देवाचं नाव घेतलं आणि पाय उचलला. सिंबानं तो पाय शांतपणे येऊ दिला. पुढं नशिबानं त्याच्या दातांत नुसता लेंगाच आला.

या सगळ्यांत धोक्याचा माणूस एकच होता, आणि तो सर्वांत मायेनं बोलत होता. या गृहस्थांच्या पिशवीत गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी असते. ‘अर्धी भाकरीत घालून द्या, गुरुजी. रात्रीतून पळायला लागतंय बघा.’ अर्धी गोळी ही आपल्याकडे सगळ्या लहान जिवांसाठी ठरलेली मात्रा आहे. पोराला अर्धी, कुत्र्याला अर्धी, सुनेला कामं आहेत म्हणून पूर्ण. पण माणसाच्या पोटाला चालणारी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठराला व्रण पाडते, उलटीतून रक्त येतं, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि नऊ किलोच्या देहाला त्यासाठी फार गोळ्या लागत नाहीत. डायक्लोफिनॅकची करणी तर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना वेगळी सांगायला नको. पूर्वी मेलेलं जनावर माळावर टाकलं की गिधाडं उतरायची. गुरांना टोचलेलं हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली, आणि माळावरचं आभाळ मोकळं झालं. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी ते औषध बंद केलं. २०२३ साली कीटोप्रोफेन आणि अ‍ॅसेक्लोफिनॅकही बंद केली. बायकोनं ती पट्टी हातात घेतली, ‘बरं झालं आठवण केली’ म्हणाली, आणि त्यांच्याच पिशवीत परत टाकली.

मुंबईच्या मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, ‘दाजी, एवढं काय त्यात? सकाळची लोकल पकडा, दोन तासांत परळ. तिथं जनावरांचं एवढं मोठं हॉस्पिटल आहे, कॉलेज आहे.’ परळचं व्हेटर्नरी कॉलेज १८८६ सालचं आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. पण सख्ख्या मेहुण्यानं बहीण दिलेल्या गावाचा जिल्हा अजून लक्षात ठेवलेला नाही. लग्नाला वऱ्हाड घेऊन तो कोणत्या स्टेशनावर उतरला होता, हे विचारायचं मी टाळलं.

अशा वेळी मामा आले. मामा हे गावाचे मामा. उभं आयुष्य हेडी म्हणून काढलेलं. काष्टीच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून, बोटांवर बोलून, त्यांनी किती बैलजोड्या इकडच्या तिकडे केल्या याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. ते नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सिंबा नेहमीसारखा धावत आला, आणि मामा पायातली वहाण काढता काढता म्हणाले, ‘ह्याचा मागला पाय खोटा हाय.’

अण्णांनी डायरी उघडली. आईनं पदर खोचला. ‘कुठला?’ दोघांनी एकदम विचारलं.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी सिंबाला दोरी लावायला सांगितली आणि आम्हाला सगळ्यांना रस्त्यावर काढलं. मला म्हणाले, ‘तुम्ही चालवा. सरळ न्या, सरळ आना. वढू नका. मोकळी सोडा दोरी.’ स्वतः मागे उकिडवे बसले आणि नजर कुत्र्याच्या कमरेच्या उंचीला आणली. आधी डांबरावर चालवलं, मग दुडक्या चालीनं पळवलं, मग शेजारच्या घराच्या बांधकामाच्या वाळूत, मग डावीकडून आणि उजवीकडून वळवलं. बैल बघतात तसंच, एकही पायरी न गाळता. रेहेकुरीला काळविटाच्या उड्या बघायला लोक लांबून येतात. आमच्या दारात त्या दिवशी तेवढीच गर्दी जमली असावी.

‘तोंडाकडं बघायचं न्हाई, गुरुजी,’ मामा म्हणाले. ‘म्होरल्या पायाचं दुखनं आसलं तर मान बघायची. दुखरा पाय टेकला की मान वर जाती. मागल्याला पुठ्ठं बघायचं. ज्या पायावर भार नको वाटतो, त्या अंगाचा पुठ्ठा वर उचलतंय.’ मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘बैलाची वाटी चढती तवा पाय मागं ताठ ऱ्हातो. वाकतच न्हाई, मग झटक्यानं सुटतो. ह्यो उलटा आखडून घेतोय. पर हाय वाटीचंच. वर चढंना झालीय, बाजूला पळतीय.’

इतक्या दिवसांत कुत्र्याकडे कुणी इतका वेळ नुसतं पाहिलं नव्हतं. बाकी सगळ्यांनी मतं दिली होती. माझा तर ऊर भरून आला. तेवढ्यात मामा म्हणाले, ‘बारीक डाग द्या गुडघ्याला. इळा तापवायचा लाल.’ आई उठून सिंबाला घेऊन आत गेली आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. आम्ही लग्नाची पत्रिका ठेवून घेतली, निदान ठेवून घेतलं, आणि डाग मामांना परत केला.

मग दवाखाना. तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात लहान कुत्रं घेऊन बसणं हा एक अनुभव आहे. आमच्या पुढे ताप आलेली संकरित गाय होती; कालपर्यंत पुढच्या पायानं लंगडत होती, आज मागच्या. तिला तिवा झालेला, तीन दिवसांचा ताप, तो असाच पाय बदलत हिंडतो. तिच्या मालकानं सिंबाकडे पाहून विचारलं, ‘ह्याचा उपयोग काय?’ मी म्हटलं, ‘राखण करतो.’ सिंबा तेव्हा माझ्या बगलेत तोंड खुपसून थरथरत होता. मालक सभ्य होते, गायीकडे वळले.

डॉक्टर तरुण होत्या, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. त्यांनी सिंबाला खाली सोडायला सांगितलं. आणि सिंबा चालला. असा चालला की संचलनात घ्यावा. चारही पाय घड्याळाच्या ठोक्यावर. पळवला, वळवला, पायरी चढवली; लंगडण्याचं नाव नाही. अण्णा हताश होऊन म्हणाले, ‘हा साक्ष फिरवतोय.’ डॉक्टर हसल्या. दवाखान्याच्या वासानं घाबरलेल्या जनावराच्या अंगात अ‍ॅड्रिनलिन चढतं आणि बारीकसारीक दुखणं तेवढा वेळ झाकलं जातं. माणसाचा दात डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर दुखायचा थांबतो, त्यातलाच प्रकार. म्हणून घरचा व्हिडिओ हवा असतो. ‘आणलाय ना?’

आणला होता. अण्णांनीच काढलेला. पहिल्या व्हिडिओत बहुतेक वेळ फरशी आणि अण्णांचा अंगठा होता. दुसऱ्यात सिंबा दाराकडे धावतो आणि बरोबर पाचव्या पावलाला मध्ये आई येते. पुढं सगळं आईचं नऊवारी. डॉक्टरांनी तो हळू वेगात दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा पाहिला, आणि वर बघून विचारलं, ‘आजींचा उजवा गुडघा केव्हापासून दुखतोय?’

खोलीत शांतता झाली. आई म्हणाली, ‘चार वर्षं झाली असतील. कुणी व्हिडिओ काढला नव्हता एवढंच.’

यावर कुणाकडेही काही बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही सगळे मिळून कुत्र्याकडे बघायला लागलो.

तिसऱ्या व्हिडिओत मात्र सिंबा पाठमोरा, पूर्ण, आणि लंगडताना सापडला. शिवाय अण्णांची डायरी. डॉक्टरांनी ती मन लावून वाचली, आणि अण्णांना नोकरीत कुठल्या तहसीलदारानं दिला नसेल एवढा मान त्या एका वाचनात मिळाला. कारण डायरीत पायाविषयी एकमत नसलं तरी बाकी सगळं होतं: जवळजवळ प्रत्येक वेळी गुळगुळीत फरशी, धावताना किंवा सोफ्यावरून उडी मारल्यावर, कधीही झोपेतून उठताना नाही. सांधे झिजलेलं जनावर उठताना ताठतं आणि चालल्यावर मोकळं होतं. हा उलटा होता.

मग हातानं तपासणी. उभं करून दोन्ही मांड्या एकदम दोन्ही हातांत धरून कोणती बारीक झाली ते पाहिलं. पाठीच्या कण्यावर बोटं दाबत शेपटीपर्यंत नेली; कण्याची गादी सरकली तरी मागचा पाय लंगडतो. एकेक पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला. सिंबानं तो लगेच सुलटा केला, म्हणजे नसा जागेवर. मग कुशीवर निजवून नखांपासून वर, आणि महत्त्वाचं म्हणजे ज्याच्यावर संशय कमी त्या पायापासून. दुखऱ्या पायाला आधी हात घातला की जनावर पुढं काही तपासू देत नाही. खुबा मागे ताणला, दुखला नाही. लहान जातींच्या पिल्लांत, वर्षाच्या आत, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजतो. १९१० साली लेग, काल्वे आणि पर्थेस या तिघा डॉक्टरांनी अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीत हा आजार माणसांच्या मुलांत सांगितला, म्हणून त्याला तिघांची नावं आहेत. आमच्या गल्लीच्या संशोधनाला नाव द्यायचं झालं असतं तर मतदार यादी जोडावी लागली असती. सिंबाचं ते वय गेलं होतं. गोचिडांचं ऐकल्यावर डॉक्टरांनी रक्त घेतलं, कारण गोचीडतापात सांधे धरतात आणि लंगडणं या पायावरून त्या पायावर जातं. त्या तापात खाणंही सुटतं, असं त्या म्हणाल्या, आणि आईनं ठामपणे मान हलवली.

मग गुडघा. डॉक्टरांनी पाय सरळ केला, पंजा किंचित आत वळवला आणि अंगठ्यानं वाटी आतल्या बाजूला ढकलली. ‘टक्’. मला ऐकू आलं नाही, पण त्यांनी माझं बोट तिथं धरलं आणि पुन्हा केलं. बोटाखालून काहीतरी लहान, कडक, गुळगुळीत असं घसरून गेलं, आणि पाय ताणताच परत येऊन बसलं. सिंबानं कान हलवला, बस्स.

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरच्या खाचेतून वरखाली सरकते. लहान जातींत ही खाच उथळ असते आणि खाली नडगीला जिथं वाटीचा दोर बांधलेला असतो ती जागा आत वळलेली असते, त्यामुळे वाटी खाच सोडून आतल्या बाजूला उतरते. उतरली की पाय सरळ होत नाही, म्हणून कुत्रं तो आखडून घेतं. दोन टप्प्यांनी पाय मागे झटकतं, वाटी खाचेत परत, आणि लंगडणं संपलं. दुखतं फारसं नाही, निदान सुरुवातीला. म्हणूनच केकाटणं नव्हतं. एक्स-रे काढायचा तर कुत्र्याला गुंगी द्यावी लागते, आणि त्या घटकेला वाटी जागेवर असेल तर फोटोत काहीच दिसत नाही. म्हणजे यंत्रालाही साक्षीदाराचीच अडचण.

अण्णांनी राशीनच्या देवीच्या दीपमाळा काढल्या. राशीन आमच्याच तालुक्यातलं. जगदंबेच्या देवळातल्या दीपमाळा हलवल्या की हलतात, पण पडत नाहीत. तशीच ही वाटी का? ‘काका, त्या हलण्यासाठीच तशा बांधल्यात,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘ही हलायची नसते. दर वेळी खाचेचा काठ झिजवते.’

याच्या चार श्रेणी असतात. पहिलीत वाटी ढकलली तरच सरकते आणि सोडली की परत येते. दुसरीत ती मनाला येईल तेव्हा स्वतःच उतरते आणि चढते. तिसरीत मुक्काम बाहेरच, ढकलली तर थोडा वेळ आत. चौथीत ढकलूनही येत नाही. वरच्या श्रेणींत शस्त्रक्रिया: खाच खोल करायची, नडगीवरची दोराची जागा सरकवून सरळ रेषेत आणायची. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांनाही श्रेणी एक, श्रेणी दोन असतात, त्यामुळे अण्णांना हे चटकन समजलं. त्यांनी पेन काढलं. ‘मग पाय कोणता लिहू?’

‘दोन्ही,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘डाव्याला श्रेणी दोन, उजव्याला एक. पुष्कळ कुत्र्यांना दोन्हीकडे असतं. जास्त वेळा डावा, पण अधूनमधून उजवाही उचलत असेल.’

आईनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी आईकडे पाहिलं. घरी येईपर्यंत दोघांनीही आपापला विजय गल्लीत जाहीर केला होता, आणि मामांचं ‘वाटीचंच हाय’ हे निदान ज्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं त्या सगळ्यांच्या तोंडी मूळचं म्हणून रूढ झालं होतं.

रक्त ठीक निघालं. शस्त्रक्रिया तूर्त नाही. लंगडणं वाढलं किंवा पाय खालीच टेकेना झाला तर पुन्हा दाखवायचं, कारण अशा गुडघ्याचा आतला दोर पुढेमागे तुटू शकतो. तोवर औषध एकच, वजन. नऊ किलोचे साडेसहा करायचे. सोफ्यावरच्या उड्या बंद, नखं कापायची, तळव्यातले केस कापायचे. कर्ज काढून बसवलेल्या आमच्या चकचकीत फरशीवर आता दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ज्वारीची रिकामी पोती अंथरली आहेत. अण्णांनी नवी डायरी घातली आहे, खाण्याची, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यात भाकरी-तूप (आई), पार्ले-जी (स्वतः अण्णा), उकडलेलं अंडं (सूनबाई) आणि ‘अज्ञात इसमाकडून शेव’ अशा नोंदी सापडल्या. जोडीला आईच्या गुडघ्याचा फोटो नगरला जाऊन काढला. तिलाही वजन कमी करायला आणि पायऱ्या टाळायला सांगितलंय. औषध एकच असल्यामुळे दोघांची भाकरी अण्णा एकाच वहीत लिहितात, आणि आईचं त्यांच्याशी बोलणं सध्या कमी आहे.

तुमच्या घरातलं लहान कुत्रं असं येऊन-जाऊन लंगडत असेल तर गोळी देऊ नका, डाग देऊ नका, पायाळू माणसाचे कपडे वाया घालवू नका. मोबाइल आडवा धरा, कुत्र्याच्या कमरेच्या उंचीला बसा, आणि चालताना, पळताना, वळताना मागून व्हिडिओ काढा. कुठं, केव्हा, कोणत्या फरशीवर, ते लिहून ठेवा. फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांना चौकटीबाहेर उभं करा, नाहीतर केसपेपर दोन काढावे लागतात.